खालच्या फळीतला खेळाडू आणि कॅमेरा

वरच्या फळीपर्यंत न पोहोचलेला खेळाडू खेळ सुटल्यावर स्वतः कॅमेरा हाती घेतो, आपल्या खेळाविषयी व्हिडिओ करतो आणि त्यांवर पोट भरू पाहतो. हा धंदा फार जुना नाही. अमेरिकेत बेसबॉलच्या 'मायनर लीग'मधून बाहेर पडलेल्या अनेकांनी तो धरला. महाराष्ट्रात बेसबॉल शाळा-महाविद्यालयांच्या स्पर्धांपलीकडे फारसा गेलेला नाही; इथे हीच वाट कुस्तीच्या फडातून आणि टेनिस चेंडूच्या क्रिकेटमधून निघते. सोलापूर जिल्ह्याच्या करमाळा तालुक्यातले केम आणि त्याच्या आसपासचा मुलूख हा विषय समजून घ्यायला सोयीचा आहे. खेळाची खालची फळी तिथे अजून शाबूत आहे आणि मोबाइलचे इंटरनेटही घरोघर पोहोचले आहे. अशा खेळाडूजवळ विकण्याजोगे काय असते आणि ते विकल्यावर पैसा कोणाच्या खिशात जातो, हे दोन प्रश्न एकत्र पाहावे लागतात. पहिल्याचे उत्तर आशादायक आहे, दुसऱ्याचे नाही.

अमेरिकेतली रचना आधी पाहू. वरच्या फळीत, म्हणजे मेजर लीगमध्ये, ३० संघ आहेत. प्रत्येकाच्या हाताखाली चार पायऱ्यांवर एकेक संघ असतो, म्हणजे खालच्या फळीत १२० संघ. २०२१च्या फेररचनेपूर्वी ते १६० होते. दरवर्षीच्या निवडीत तरुण खेळाडू घेतले जातात, करारावर सह्या होतात आणि बहुतेकांची सुरुवात तळाशी होते. त्यांतले थोडे वर जातात. बाकीचे बसने गावोगाव हिंडतात आणि मोसम संपला की दुसरे काम शोधतात; २०२१ पर्यंत त्यांतले अनेक स्थानिक कुटुंबांच्या घरी राहत. २०२२ पर्यंत 'सिंगल ए' या पायरीवर वर्षाचा किमान पगार ११,००० डॉलर होता. एकट्या माणसासाठी अमेरिकी सरकारने ठरवलेल्या दारिद्र्यरेषेपेक्षाही तो कमी भरत होता. त्याआधी २०१८ साली अमेरिकी संसदेने कायदा करून या खेळाडूंना किमान वेतन आणि जादा कामाच्या मोबदल्याच्या तरतुदींतून बहुतांशी बाहेर ठेवले. कायद्याचे नाव 'सेव्ह अमेरिकाज पासटाइम अॅक्ट'. खेळ वाचवायचा आणि खेळाडूला उपाशी ठेवायचे, ही सांगड घालायला मोठी हुशारी लागते.

हे चित्र बदलले ते २०२१ ते २०२३ या तीन वर्षांत. संघांनी खेळाडूंपुढे ठेवलेल्या निकृष्ट जेवणाची छायाचित्रे समाजमाध्यमांवर फिरू लागली. जुन्या वेतनावरून चाललेल्या खटल्यात २०२२ साली १८.५ कोटी डॉलरची तडजोड झाली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये खालच्या फळीचे खेळाडू मेजर लीगच्या खेळाडूंच्या संघटनेत दाखल झाले आणि मार्च २०२३मध्ये त्यांचा पहिला सामूहिक करार झाला. 'सिंगल ए'चा पगार ११,००० वरून २६,२०० डॉलरवर गेला, सर्वांत वरच्या 'ट्रिपल ए'चा १७,५०० वरून ३५,८०० डॉलरवर. हा विजय मुख्यतः संघटनेचा आणि वकिलांचा. पण बसमधल्या रात्री आणि कागदी थाळीतले जेवण लोकांना आधी दिसले, आणि ते खेळाडूंच्याच मोबाइलमधून दिसले, हे विसरता येत नाही.

एरिक सिम हा याच जगातून आलेला माणूस. दक्षिण कोरियात जन्मलेल्या आणि कॅनडात वाढलेल्या सिमला सॅन फ्रान्सिस्को जायंट्सने २०१० साली निवडले. काही मोसम तो खालच्या पायऱ्यांवर खेळला. मेजर लीगचे मैदान त्याला लाभले नाही. पुढे 'किंग ऑफ जूको' या नावाने तो व्हिडिओ करू लागला. 'जूको' म्हणजे ज्युनिअर कॉलेज, म्हणजे अमेरिकी बेसबॉलमध्ये ज्यांना मोठ्या विद्यापीठाने घेतले नाही त्यांची जागा. त्याने त्या नावाचा मुकुट करून डोक्यावर घातला. त्याच्या विनोदाचा ऐवज आहे तो अपुरा पगार, कळकट खोल्या, कापले जाण्याची रोजची धास्ती आणि मोठ्या खेळाडूंच्या शेजारी उभे राहून पाहिलेल्या गोष्टी. मेजर लीगचा तारा यांतले काही सांगू शकत नाही. त्याने ते भोगलेले नसते, किंवा करारामुळे बोलायची सोय नसते.

भारतातून या जगात गेलेल्या एकाची गोष्ट चमत्कारिकच आहे. 'मिलियन डॉलर आर्म' या २००८च्या स्पर्धेतून उत्तर प्रदेशातले दोन भालाफेकपटू, रिंकू सिंग आणि दिनेश पटेल, निवडले गेले आणि पिट्सबर्ग पायरेट्सने त्यांना करारबद्ध केले. रिंकू सिंग काही वर्षे खालच्या फळीत गोलंदाजी करत राहिला, दुखापतींनी थांबला आणि २०१८ साली डब्ल्यूडब्ल्यूईच्या कुस्तीत गेला. तिथे तो 'वीर महान' झाला. म्हणजे बेसबॉलच्या खालच्या फळीतून निघालेला भारतीय खेळाडू अखेर पोहोचला तो कॅमेऱ्यासाठी खेळल्या जाणाऱ्या कुस्तीत. खऱ्या कुस्तीच्या मुलखात मात्र गोष्ट उलट्या बाजूने घडते आहे: आधी लाल माती, मग कॅमेरा.

केम हे पुणे-सोलापूर लोहमार्गावर जेऊर आणि कुर्डूवाडी यांच्या दरम्यानचे स्टेशन. गावाची ओळख कुंकवाची. हळदीवर प्रक्रिया करून इथे तयार झालेले कुंकू देवस्थानांच्या बाजारपेठांत जाते. पंढरपूरला किंवा तुळजापूरला कुंकवाची पुडी घेणाऱ्या माणसाला त्या पुडीमागचे गाव ठाऊक असतेच असे नाही. माल एका जागी घडतो, नाव आणि नफा दुसऱ्या जागी जमतो. ही गोष्ट पुढे उपयोगी पडणार आहे.

या पट्ट्यातल्या खेळाची खालची फळी म्हणजे यात्रेचा फड. त्याला ना यादी, ना करार. यात्रा कमिटी वर्गणी गोळा करते आणि पत्रक छापते. त्यावर मानाच्या कुस्तीचे दोन पैलवान, त्यांच्या तालमी, वस्तादांची नावे, इनामाची रक्कम आणि इनाम देणाऱ्याचे नाव असते. दुपार कलली की हलगी कडाडते. आधी लहान पोरांच्या कुस्त्या, रेवड्यांवर किंवा नारळावर. मग लंगोट लावलेली मुले फडात फिरून जोड मागतात, पंच अंगलट पाहून जोड लावतात आणि इनाम चढत जाते. दिवे लागल्यावर मानाची कुस्ती. निकाली झाली तर फड उठून उभा राहतो, लांबली तर बरोबरीत सोडवतात किंवा गुणांवर नेतात. जिंकलेला पैलवान फडाभोवती फेरी मारतो आणि खूश झालेले लोक त्याच्या हातावर नोटा ठेवतात. ही फेरी लक्षात ठेवण्याजोगी आहे. बघ्याने खेळाडूला मधल्या कोणाशिवाय दिलेला हा पैसा. यूट्यूबने २०१७ साली 'सुपर चॅट' आणली, तिच्यात थेट प्रक्षेपण बघणारा माणूस पैसे पाठवू शकतो. त्यातले सुमारे ७० टक्के चॅनेलवाल्याला मिळतात, बाकीचे कंपनीकडे राहतात. फडाच्या फेरीत पैलवानाला शंभरच्या शंभर टक्के मिळत आले आहेत.

दुसरी खालची फळी टेनिस चेंडूच्या क्रिकेटची. उसाचा हंगाम, सुट्ट्या आणि निवडणुका यांच्या सोयीने तिचे वेळापत्रक ठरते. कोणाच्या तरी नावाचा चषक, संघाची प्रवेश फी, बाहेरगावाहून पैसे देऊन आणलेले दोन-तीन फटकेबाज आणि लाउडस्पीकरवर न थकणारा निवेदक. केमच्या शेजारच्या जेऊरचे नागराज मंजुळे यांनी 'सैराट' करमाळा परिसरात चित्रित केला. २९ एप्रिल २०१६ला प्रदर्शित झालेला हा चित्रपट गावच्या क्रिकेट सामन्यावर आणि माइकवरच्या समालोचनावर उघडतो. महाराष्ट्राने ते समालोचन हसत ऐकले, पण या भागातल्या माणसाला त्यात नवीन काही नव्हते. मैदानावर काय चालले आहे यापेक्षा ते कसे सांगितले जाते यावर सामना रंगतो, हे इथे प्रत्येकाला ठाऊक आहे.

खालच्या फळीत मुरलेल्या पैलवानापुढे खेळ सुटल्यावर आजवर मोजक्या वाटा होत्या. सर्वांत मानाची पोलीस भरती. १९५२ साली हेलसिंकीत स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवून देणारे खाशाबा जाधवही १९५५मध्ये पोलीस खात्यातच फौजदार म्हणून रुजू झाले. मग खालच्या पायरीवरच्या पोरांनी दुसरी कोणती अपेक्षा धरावी? शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के जागा राखीव असतात, पण त्यासाठी मान्यताप्राप्त स्पर्धेचे प्रमाणपत्र लागते, आणि यात्रेच्या फडात शंभर कुस्त्या मारलेल्या पैलवानाजवळ तसा कागद नसतो. उरलेल्या वाटा म्हणजे तालमीत वस्तादकी, गावाकडची शेती, कोणा पुढाऱ्याच्या मागेपुढे राहणे. अंगात मुरवलेले दूध, तूप आणि बदाम, घरच्यांनी त्यासाठी विकलेले जनावर किंवा रान, गुडघ्याची मोडतोड, आणि पंधरा वर्षांत डोळ्यांना लागलेली कुस्ती वाचायची सवय, यांतले शेवटचे सोडून बाकी सगळे खर्ची पडलेले असते. त्या शेवटच्या गोष्टीला गिऱ्हाईक नव्हते.

एक अपवाद मात्र होता, तो म्हणजे निवेदक. आज व्हिडिओ करणाऱ्या माजी पैलवानाचा पूर्वज परदेशी यूट्यूबरांत शोधायची गरज नाही, तो फडाच्या कडेला माइक धरून उभा आहे. शंकर पुजारी यांच्यासारख्या निवेदकांनी पश्चिम महाराष्ट्रात हे काम एका कलेच्या पातळीवर नेले. दोन पैलवान हात मिळवत असतात तेवढ्यात निवेदक त्यांचे गाव, तालीम, वस्ताद, आजोबांनी कोणाला अस्मान दाखवले होते ते, सगळे फडासमोर मांडतो. घिस्सा, ढाक, एकलांगी, कलाजंग, पट काढणे, कब्जा घेणे, ही भाषा फडाबाहेरच्या माणसाला कळावी म्हणून तो ती उलगडतो. कुस्ती थंडावली की हलगीवाल्याला हाक घालतो, रेंगाळणाऱ्या पैलवानाला चार शब्द ऐकवतो, इनाम वाढवायला देणगीदाराला टोचतो. त्याच्या तोंडून नाव गेलेल्या पोराला पुढच्या यात्रेत मोठी जोड मिळते. हे सगळे काम आज व्हिडिओवाला करतो. फरक इतकाच की निवेदकाचा आवाज कर्ण्याच्या टप्प्यापर्यंत जायचा आणि यात्रेबरोबर विरून जायचा, व्हिडिओ राहतो.

तो राहू लागला याला एक साधे कारण आहे. सप्टेंबर २०१६मध्ये जिओ आले आणि मोबाइलचा डेटा एकदम स्वस्त झाला. त्यानंतरच्या यात्रांत फडाच्या कडेला ट्रॉलीवर कॅमेरे चढले. पै. गणेश मानुगडे यांचे 'कुस्ती मल्लविद्या' हे नाव कुस्तीशौकिनांत समाजमाध्यमांवरच घरचे झाले. मानुगडे स्वतः पैलवान, 'बाजिंद' या कादंबरीचे लेखक. कुस्तीविषयी सांगणारा माणूस कुस्तीतलाच असावा, ही वाचकांची आणि बघणाऱ्यांची अपेक्षा अशा माणसांमुळे पक्की झाली. आज लहानमोठे कितीतरी फड घरबसल्या दिसतात, आणि पुण्यात किंवा आखातात नोकरी करणारा सोलापूरकर आपल्या गावची मानाची कुस्ती रात्री मोबाइलवर बघतो. टेनिस क्रिकेटचेही तेच. त्या खेळाचे चाहते प्रक्षेपणांमुळे एकमेकांना सापडले आणि मार्च २०२४मध्ये ठाण्याच्या दादोजी कोंडदेव मैदानावर 'इंडियन स्ट्रीट प्रीमिअर लीग' ही टेनिस चेंडूची दहा षटकांची व्यावसायिक स्पर्धा सुरू झाली.

माजी खेळाडूच्या डोळ्याची किंमत किती, हे दोन वादांत स्पष्ट दिसले आणि दोन्हींत सोलापूर जिल्ह्याचे पैलवान होते. जानेवारी २०२३च्या महाराष्ट्र केसरीत, पुण्यात, माती विभागाची अंतिम कुस्ती मोहोळचा सिकंदर शेख आणि मंगळवेढा तालुक्यातला महेंद्र गायकवाड यांच्यात झाली. महेंद्रने बाहेरची टांग लावली, पंचांनी चार गुण दिले, सिकंदर हरला. त्या काही क्षणांची चित्रफीत महाराष्ट्रभर फिरली. सिकंदर धोक्याच्या स्थितीत गेला होता की कुशीवर पडला होता, यावर पारापारावर वाद झाले. टीव्हीच्या वार्ताहरांना सांगता येत होते ते एवढेच की वाद आहे. डाव कुठे सुरू झाला, खांदा कोणत्या कोनात होता, पंच कुठे उभा होता आणि तिथून त्याला काय दिसू शकत होते, हे सांगायला मातीत पाठ लागलेलाच माणूस हवा होता. चित्रफीत थांबवत, मागे नेत अशा माणसांनी ते सांगितले. त्यांच्यातही एकमत नव्हते, पण निदान वाद कशावर आहे ते लोकांना कळले. सिकंदरने त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये फुलगावच्या स्पर्धेत महाराष्ट्र केसरीची गदा मिळवली.

फेब्रुवारी २०२५मध्ये अहिल्यानगरला प्रसंग याहून कडू होता. गादी विभागात पृथ्वीराज मोहोळविरुद्ध चितपट दिल्याचा निर्णय शिवराज राक्षेला मान्य झाला नाही आणि त्याने पंचाला लाथ मारली. पुढे अंतिम कुस्तीत महेंद्र गायकवाड पृथ्वीराजसमोरून मैदान सोडून गेला. दोघांवर तीन वर्षांची बंदी आली. या वेळीही चित्रफितींचा पूर आला आणि त्यात जाणकाराचा आवाज बुडून गेला. ज्याने सर्वांत भडक मथळा दिला त्याचा व्हिडिओ सर्वांत जास्त पुढे गेला. मोडलेला कान हा पैलवानाचा दाखला असतो, पण कॅमेऱ्यासमोर बसलेल्या प्रत्येक मोडलेल्या कानामागे सबुरी असतेच असे नाही. भांडण लावून बघणारे मिळवणे हे जाणकारीपेक्षा सोपे आणि लवकर फळणारे काम आहे, आणि माजी खेळाडूही त्या मोहाला बळी पडतात.

तरीही मूळ मुद्दा टिकतो. वरच्या फळीत न पोहोचणे आणि खेळ न कळणे या वेगळ्या गोष्टी आहेत. क्रिकेटमध्ये अमोल मुजुमदार हे उदाहरण सर्वांना ठाऊक आहे: मुंबईकडून रणजी पदार्पणातच २६० धावा, प्रथम श्रेणीत ११ हजारांहून अधिक धावा, भारताची टोपी कधीच नाही. त्यांच्याच मार्गदर्शनाखाली भारतीय महिला संघाने नोव्हेंबर २०२५मध्ये विश्वचषक जिंकला. वरच्या पायरीवर सहज गेलेल्याला आपण कसे गेलो ते पुष्कळदा सांगता येत नाही. अडलेल्याने मात्र अडण्याची जागा इंच-इंच मोजलेली असते. यात्रेत हजाराच्या इनामावर लढणाऱ्या पोराला अशाच माणसाचे शब्द लागतात, कारण ते पोर त्याच जागी अडणार असते.

आता पैशाचा हिशेब. यूट्यूबवर जाहिरातीचे उत्पन्न सुरू व्हायला १,००० सदस्य आणि वर्षभरात ४,००० तासांचे पाहणे लागते. छोट्या उभ्या व्हिडिओंसाठी वेगळी अट आहे. लांब व्हिडिओच्या जाहिरातीतले ५५ टक्के निर्मात्याला, ४५ टक्के कंपनीला. सहा तास चालणाऱ्या फडाच्या थेट प्रक्षेपणाला तासांची अट जड जात नाही. क्रिकेटवाल्याची अडचण निराळीच असते. दोन षटकांच्या मध्ये मैदानावर हिंदी-मराठी चित्रपटांची गाणी वाजतात, यूट्यूबची यंत्रणा ती ओळखते आणि त्या व्हिडिओचे उत्पन्न संगीत कंपनीकडे वळू शकते. हलगीला मालक नसल्याने कुस्तीवाला यातून सुटतो.

पण अटी पार केल्या तरी ही दुसरी खालची फळीच आहे. शिखरावर थोडे, तळाशी असंख्य. वर जाण्याचे नियम दुसऱ्याने ठरवलेले आणि न कळवता बदलणारे. बेसबॉलच्या खालच्या फळीतल्या खेळाडूला निदान करार होता, आणि म्हणून पुढे संघटना करून तो सुधारून घेता आला. व्हिडिओवाल्याच्या हाती कंपनीच्या अटींवर 'मान्य' म्हणून टिचकी मारण्यापलीकडे काही नाही. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने टिकटॉकसह ५९ अॅपवर बंदी घातली. देशाच्या सुरक्षेचा निर्णय म्हणून तो योग्य असेलही, पण त्या एका संध्याकाळी खेड्यापाड्यांतल्या हजारो मुलामुलींनी जमवलेले बघे नाहीसे झाले आणि कोणाला एक रुपयाची भरपाई मिळाली नाही. तालमीतला वस्ताद पोराला एकाच डावावर अवलंबून राहू देत नाही. व्हिडिओच्या धंद्यात उतरणाऱ्याने आपले सगळे वजन एकाच कंपनीवर टाकू नये, एवढे शहाणपण त्या बंदीने शिकवले असायला हवे.

याहून गंभीर प्रश्न मालकीचा आहे आणि त्याची चर्चा जवळजवळ होतच नाही. फडात दोन पैलवान लढतात. चित्रीकरण तिसराच करतो. कायद्याने त्या चित्रफितीचा मालक तिची निर्मिती करणारा असतो आणि त्याचा हक्क ६० वर्षे टिकतो. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात सादरकर्त्यालाही ५० वर्षांचा हक्क आहे. तिथल्या व्याख्येत नट, गायक, वादक, नर्तक, कसरतपटू, जादूगार, अगदी गारुडीसुद्धा नावानिशी आला आहे. पैलवानाचे किंवा कोणत्याही खेळाडूचे नाव त्यात नाही. व्याख्येच्या शेवटी 'सादरीकरण करणारी इतर कोणतीही व्यक्ती' असे शब्द आहेत, पण त्यांत खेळाडू बसतो की नाही हे भांडून ठरवावे लागेल, आणि नारळावरची कुस्ती मारलेले पोर उच्च न्यायालयात जाणार नाही. नाग खेळवणाऱ्याला जो हक्क कायद्याने हातात दिला, तो मातीत अंग घासणाऱ्याला मागून घ्यावा लागतो. परिणाम असा की पैलवानाला इनाम एकदाच मिळते आणि त्याची कुस्ती पुढे वर्षानुवर्षे दुसऱ्याला पैसे देत राहते. केमच्या कुंकवासारखेच: घडवणाऱ्याचे गाव पुडीवर येत नाही.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला प्रक्षेपण करणाऱ्यांचा: कॅमेरे, जनरेटर, माणसे, इंटरनेट यांचा खर्च आम्ही करतो, पुष्कळ फडांत तोही निघत नाही, मग हिस्सा कसला? आक्षेप रास्त आहे आणि त्याचे उत्तर सोपे आहे. हिस्सा खर्च वजा जाता उरलेल्या उत्पन्नाचा असावा. काही उरले नाही तर कोणी काही मागणार नाही. खर्च जास्त आहे म्हणून हिशेबच मांडायचा नाही, असे मात्र चालणार नाही. दुसरा आक्षेप जुन्या वस्तादांचा: कॅमेऱ्याने कुस्ती बिघडते, बघ्यांसाठी नुरा, म्हणजे आधी ठरवलेल्या, कुस्त्या लागतील, पोरे तालमीत कमी आणि मोबाइलसमोर जास्त दंड काढतील. यात तथ्य आहे, पण अर्धेच. नुरा कुस्ती कॅमेऱ्याच्या कितीतरी आधीपासून आहे. उलट, पूर्वी संगनमत फडापुरते राहायचे, आता चित्रफीत मागे नेऊन ते दाखवणारा कोणी माजी पैलवान निघतो. मोबाइलसमोर दंड काढणाऱ्या पोरांची तक्रार मात्र खरी आहे. खुराक आणि मेहनत यांच्याऐवजी चमकदार चित्रफितीवर भिस्त ठेवणारा पैलवान पहिल्या तगड्या जोडीतच उघडा पडतो. तालमीत वर्षे घालवलेल्याच्याच व्हिडिओला वजन येते. म्हणून व्हिडिओ हा खेळ संपल्यानंतरचा धंदा म्हणून शोभतो. अठराव्या वर्षी तो धरणाऱ्याजवळ सांगण्यासारखे काही जमलेलेच नसते.

हक्काचा कायदा बदलायला वर्षे लागतील. यात्रा कमिटीचे पत्रक मात्र दरवर्षी नव्याने छापले जाते. त्यावर इनामाची रक्कम छापतात, देणगीदारांची नावे छापतात, फोटोंना तर जागा पुरत नाही. प्रक्षेपण करणाऱ्या चॅनेलला परवानगी देतेही कमिटीच, म्हणजे अट घालायचा अधिकार तिच्याच हातात आहे. केम आणि करमाळा परिसरातल्या कमिट्यांनी येत्या मोसमाच्या पत्रकात एक ओळ वाढवावी: खर्च वजा जाता चित्रीकरणाच्या उत्पन्नातला ठरलेला हिस्सा फडात लढलेल्या पैलवानांना मिळेल, रेवड्यांवरच्या पोरांसकट. आणि जे माजी पैलवान आज स्वतः कॅमेऱ्यामागे आहेत, त्यांनी कमिटीने सांगण्याची वाट न पाहता ती ओळ आपणहून मागावी.